बुकिंगच्या वहीत दडलेला स्टुडिओ

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या राजधानीत, बामाकोत, रेल्वे स्टेशनाजवळ १९४८ साली एक फोटो स्टुडिओ उघडला. मालक सेदू केइता मूळचा सुतारकाम करणारा. मागे लावायला त्याने स्वतःच्या पलंगावरची झालरीची चादर टांगली. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या नक्षीचं कापड यायचं, आणि कोणता फोटो कोणत्या काळातला हे पुढे कित्येक वर्षांनीही त्याला त्या कापडांवरून सांगता यायचं. फिल्म महाग, म्हणून एका गिऱ्हाइकाचा बहुधा एकच फोटो निघे. त्यामुळे हात कुठे ठेवायचा, मान किती वळवायची, हे बटण दाबण्याआधीच ठरलेलं असे. घड्याळ, रेडिओ, स्कूटर अशा वस्तू स्टुडिओत तयार असत. ज्यांना मिरवायचं त्यांनी मिरवावं. १९६२ च्या सुमारास सरकारी फोटोग्राफरची जबाबदारी अंगावर आली आणि स्टुडिओचे दिवस सरले. पण १९९४ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं आणि बामाकोतल्या शिंपी, कारकून, नवविवाहितांचे ते चेहरे जगाने पाहिले.

केइताने आपली ‘स्टाइल’ शोधायला वेगळी सुट्टी काढली नव्हती. मागे टांगलेलं कापड, एकच फोटो, हाताची ठेवण, कपाटातलं घड्याळ हे धंद्याचे साधे निर्णय होते. ते त्याने वर्षानुवर्षं न बदलता पाळले, आणि त्यांचीच ओळख झाली.

आपल्याकडे आज नेमकी उलटी धावपळ दिसते. लग्न नाशिकचं असो की नांदेडचं, ड्रोन वरून खाली येतो, नवरी घागऱ्याचा घेर सावरत गिरकी घेते, नवरदेव मनगटावरचं घड्याळ बांधतो आणि मागे रंगीत धूर उडतो. यात कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सगळ्यांचे प्रीसेट त्याच दोन-चार ठिकाणांहून आलेले, अल्बमच्या तयार शीट्स सगळीकडे त्याच, रीलखालचं गाणं त्या महिन्यात चालणारं. मग गिऱ्हाइकासमोर निवडीचा एकच निकष उरतो, तो म्हणजे पॅकेजचा आकडा. पलीकडच्या गल्लीतल्याने पाच हजार कमी सांगितले की ऑर्डर तिकडे जाते.

यावर बहुतेकांना पहिला सुचणारा उपाय म्हणजे नवा लोगो. सोनेरी अक्षरं, कॅमेऱ्याची बाह्यरेषा, नावापुढे ‘फिल्म्स’ किंवा ‘स्टोरीज’. लोगो जरूर करावा, पण शेवटी. आधी वही काढावी.

वही म्हणजे बुकिंगची वही. काहींची डायरी असेल, काहींची मोबाइलमधली कॅलेंडर नोंद, काहींच्या फक्त व्हॉट्सअॅप चॅट. गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या ऑर्डर एका कागदावर उतरवून काढायला एक दुपार पुरते. प्रत्येक ऑर्डरसमोर चार-पाच गोष्टी लिहाव्यात. ही पार्टी कुणाच्या सांगण्यावरून आली? फोनवर पहिलं वाक्य काय होतं? अल्बम हातात पडल्यावर त्यांनी कुठल्या पानावर थांबून माणसं बोलावली? भिंतीवर लावायला कोणता फोटो मोठा करून घेतला? एडिटिंगला किती दिवस गेले आणि पैसे किती हप्त्यांत, किती तगाद्यांनी आले?

यातला सगळ्यात मोलाचा रकाना पहिल्या वाक्याचा. ‘रेट काय आहे?’ असा फोन आणि ‘आमच्या मावशीच्या घरी आजीचा फोटो पाहिला, तो तुम्हीच काढलाय ना?’ असा फोन, दोन्ही लग्नाचीच चौकशी करतात. पहिल्याला फोटोग्राफर हवा असतो, दुसऱ्याला तुम्ही. दुसऱ्या प्रकारचे फोन वर्षात आठच आले असतील, तरी ते आठ नीट वाचावेत. बऱ्याचदा असं दिसतं की लोक ज्याचं कौतुक करत आहेत, ते काम मालकाच्या इन्स्टाग्रामवर कुठे नाहीच. तिथे सूर्यास्तातल्या सावल्या आहेत. लोक मात्र म्हाताऱ्यांचे चेहरे, जेवणाच्या पंगती किंवा घाबरलेल्या लहान मुलाला हसवून काढलेला फोटो लक्षात ठेवून बसले आहेत. आठवण नसेल तर जुन्या पंधरा-वीस पार्ट्यांना सरळ फोन करून विचारावं, ‘आमचं नाव कुणाला सुचवताना काय सांगता?’ उत्तर पटकन येतं, आणि ते बहुधा मालकाने कल्पिलेलं नसतं.

भिंतीवरच्या मोठ्या फोटोचा रकानाही बोलका असतो. मेमरी कार्डातल्या तीन हजार फ्रेममधून घरच्यांनी कोणती निवडली, यावरून आपल्या हाताला नेमकं काय येतं ते कळतं.

यानंतरचा प्रश्न गिऱ्हाइकाचा आहे. आपल्या गावात कुणाचे फोटो नीट निघत नाहीत? एकोणिसाव्या शतकातल्या लाला दीनदयाळ यांच्याकडे या प्रश्नाचं फार व्यवहारी उत्तर होतं. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना इथे जन्मलेले दीनदयाळ रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकले, इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता फोटोग्राफर झाले आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार बनले. राजेरजवाड्यांचे, शिकारीचे, इमारतींचे फोटो त्या काळात इतरही काढत होते. दीनदयाळांच्या लक्षात आलं की पडद्यातल्या घरंदाज स्त्रियांना फोटो काढून घ्यायला जागाच नाही. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ सुरू केला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. कॅमेरा तोच, काचाही त्याच, पण शहरातल्या निम्म्या गिऱ्हाइकांसाठी दार पहिल्यांदा उघडलं. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला.

असं बंद दार प्रत्येक गावात एखादं तरी असतं. मराठी लग्नाचंच घ्या. लग्न शूट करणारे खंडीभर आहेत, पण विधी ठाऊक असलेले मोजके. अंतरपाट खाली येतो तेव्हा नवरानवरी एकमेकांकडे पाहतात तो वेळ दोन सेकंदांचा असतो. त्याच वेळी अक्षता उडत असतात, मामा मध्ये उभा असतो, आणि दोन्हीकडचे व्हिडिओवाले एकमेकांच्या फ्रेममध्ये घुसलेले असतात. ‘तदेव लग्नं’ सुरू झालं की कोणत्या बाजूला सरकायचं हे ज्याला माहीत आहे, त्याला तो फोटो मिळतो. गौरीहरापाशी मामाने आणलेली पिवळी साडी नेसून बसलेली नवरी त्या गोंधळात काही मिनिटं एकटी असते; तिथे कुणी फिरकतही नाही, कारण सगळे कॅमेरे दारात वरातीपाशी गेलेले असतात. कानपिळीला नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान किती जोरात पिळणार, हे त्याच्या चेहऱ्यावर आधी दिसतं. सूनमुखात आरशातली सून आणि बाहेरची सासू एकाच फ्रेममध्ये आणायची तर कुठे बसायचं, हे तालमीशिवाय जमत नाही. आगरी-कोळी घरातली हळद हा स्वतंत्र सोहळा असतो. बौद्ध पद्धतीचं लग्न थोडक्यात आटोपतं, तिथे ‘पुन्हा एकदा करा’ म्हणण्याची सोय नाही. निकाहात कबुलीच्या वेळी मुलगी आणि मुलगा वेगळ्या खोल्यांत असतील तर एकट्या फोटोग्राफरचं भागत नाही, आणि आतल्या खोलीसाठी स्त्री फोटोग्राफर लागते. दीनदयाळांच्या जनाना स्टुडिओची गरज आजही संपलेली नाही.

पाच-सहा समाजांच्या विधींची अशी टिपणं काढून ठेवणारा, मुहूर्ताआधी भटजींशी दोन मिनिटं बोलून क्रम विचारून घेणारा फोटोग्राफर तालुक्यात एकटाच असेल, तर त्याची ओळख तिथेच सुरू झाली. त्यासाठी नवी लेन्स लागत नाही.

लग्नाबाहेरही असे कोपरे भरपूर आहेत. पैठणी विणणाऱ्या येवल्याला वस्त्राचा पोत आणि खरा रंग दाखवणारे फोटो लागतात. इचलकरंजी, चाकण, बुटीबोरीच्या कारखान्यांना यंत्रांचे आणि सुट्या भागांचे लागतात. पुण्या-मुंबईत शास्त्रीय संगीताच्या मैफिलीत फ्लॅश न मारता, शटरचा आवाज न करता काम करणारे हवे असतात. कोपरा निवडताना फक्त एवढं पाहावं की त्या कामात आपल्याला आधीपासून काही गती आहे. फायदा दिसला म्हणून घेतलेला कोपरा दुसऱ्या हंगामात कंटाळा आणतो.

‘मग काय उद्यापासून पासपोर्ट फोटो बंद करायचे?’ हा प्रश्न तालुक्याच्या गावातला मालक विचारणारच. उत्तर अर्थातच नाही. गौतम राजाध्यक्षांचा प्रवास इथे आठवावा. १९५० मध्ये जन्मलेले राजाध्यक्ष १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीत लागले, तिथे फोटोंशी संबंधित विभागात काम करत राहिले. १९८० मध्ये त्यांनी शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांचे फोटो काढले. मासिकांसाठी चेहऱ्यांचं काम वाढत गेलं, तरी नोकरी त्यांनी १९८७ पर्यंत सोडली नाही. ‘फेसेस’ हे पुस्तक आलं १९९७ मध्ये. म्हणजे ज्यांचं नाव आज व्यक्तिचित्रणाशी जोडलं जातं, त्या माणसानेही सात वर्षं पगार आणि आवड अशी दोन दप्तरं सांभाळली. पण या काळात लोकांसमोर येत होते ते चेहरे. जाहिरात कंपनीतलं रोजचं काम कुणाला दाखवायची गरज नव्हती.

गल्ल्यासाठी करायचं काम आणि दाखवायचं काम, ही फारकत छोट्या स्टुडिओलाही जमते. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन चालू राहू द्यावं. दुकानाचं भाडं त्यातून निघतं. मात्र दर्शनी काचेत आणि इन्स्टाग्रामच्या पहिल्या नऊ चौकटींत ज्या कामासाठी आपल्याला ओळखलं जावं असं वाटतं, तेवढंच असावं. वाढदिवस, बारसं, शोरूमचं उद्घाटन, लग्न, ड्रोन असं सगळं एकाच पानावर टाकणाऱ्याला लोक सगळ्यात स्वस्त कामासाठी बोलावतात, हा या धंद्यातला नेहमीचा अनुभव.

आता पैशांकडे. कुठली कामं घ्यायची हे ठरवण्यासाठी एक हिशोब प्रत्येकाने करून पाहावा. समजा घर आणि धंदा मिळून वर्षाला नऊ लाख रुपये सुटायला हवेत. तीस लग्नं घेतली तर असिस्टंट, अल्बम, प्रवास वजा जाता एका लग्नामागे तीस हजार उरले पाहिजेत. दोन दिवस शूट आणि चार दिवस निवड-एडिटिंग धरलं तर तीस लग्नांना १८० दिवस लागतात. दर निम्मा करून साठ लग्नं घेतली तर ३६० दिवस. वर्ष तिथेच संपलं. आजारपण, दिवाळी, हार्ड डिस्क उडणं यांना जागाच नाही. शिवाय मुहूर्त वर्षभर सारखे वाटलेले नसतात. तुळशीच्या लग्नानंतर जो हंगाम सुरू होतो तो पौषात मंदावतो, उन्हाळ्यात उसळतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की थंडावतो. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्यामुळे १७ मे ते १५ जून हा ऐन सुट्टीतला महिना बऱ्याच घरांत लग्नाविना गेला, असा कॅलेंडरचा फटकाही बसतो. थोड्या तारखांत साठ कामं कोंबायची तर काम दुसऱ्यांकडून करून घ्यावं लागतं, आणि अल्बमवर नाव आपलं असलं तरी नजर परक्याची येते. म्हणून कमी दरात जास्त ऑर्डर हे गणित स्वतःची ओळख घडवू पाहणाऱ्याला सहसा परवडत नाही.

नाही म्हणायचं तर दुसऱ्याचं नाव सुचवून म्हणावं. ‘आम्ही हे करत नाही, पण अमुक उत्तम करतात’ असं सांगणाऱ्याला तो अमुक पुढे त्याच्या विशेष कामासाठी गिऱ्हाइकं पाठवतो. जिल्ह्यातले फोटोग्राफर एकमेकांना स्पर्धक समजतात, पण सीझनमध्ये एकाच तारखेला तिघांना बोलावणं येतं तेव्हा हीच देवाणघेवाण कामी येते.

नावाचा विचार करायची वेळ आता आली. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, यांचे सुरुवातीचे बरेच फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले गेले. पुढे त्या ‘डालडा १३’ या नावानेही ओळखल्या गेल्या. जन्म १९१३ चा, पतीशी पहिली भेट वयाच्या तेराव्या वर्षी, आणि गाडीच्या पाटीवर डीएलडी १३. असं नाव दुसऱ्या कुणाला चिकटवताच येणार नाही. ‘श्री साई डिजिटल’ मात्र प्रत्येक तालुक्यात एक सापडतं.

स्वतःचं नाव द्यावं की वेगळं, यावर मतं दोन आहेत. बोर्न अँड शेफर्ड या स्टुडिओचा पाया १८६० च्या दशकात सिमल्यात घातला गेला. सॅम्युअल बोर्न १८७० च्या सुमारास भारत सोडून गेले, पण त्यांचं नाव कोलकात्यात २०१६ पर्यंत पाटीवर राहिलं. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ १९२८ मध्ये सर व्हिक्टर ससून यांनी काढला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तो रणजित माधवजी यांच्याकडे आला आणि नाव तेच राहिलं. धंदा पुढे मुलांकडे जावा, विकता यावा, चार फोटोग्राफर हाताखाली असावेत असं वाटत असेल तर मालकाच्या नावापासून सुटं असलेलं नाव सोयीचं. लोकांना आपल्याच हातचा फोटो हवा, आणि तसंच राहावं अशी इच्छा असेल तर स्वतःचं नाव लावावं. मात्र मग दुसऱ्याला पाठवून चालत नाही, हे आधीच मान्य करावं.

नाव ठरलं की ट्रेडमार्क. फोटोग्राफीची सेवा वर्ग ४१ मध्ये येते. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे. उद्योग म्हणून सवलत घ्यायची तर उद्यम नोंदणी लागते आणि ती मोफत होते. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. ‘बेस्ट वेडिंग फोटोग्राफी’सारखी निव्वळ वर्णन करणारी नावं नोंदवून घेणं अवघड जातं. अर्ज करण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर तेच नाव वर्ग ४१ मध्ये कुणी घेतलंय का, ते विनामूल्य पाहता येतं.

आणि कराराचा कागद. इथे बहुतेक फोटोग्राफर गाफील असतात. स्वामित्व हक्क कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो किंवा चित्रफीत केली असेल तर वेगळा करार नसल्यास तिचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो पार्टीचे. ज्या फोटोंवर आपण ओळख उभी करतो आहोत ते पार्टीच्या लेखी परवानगीशिवाय जाहिरातीत, प्रदर्शनात, पेजवर वापरणं अडचणीचं ठरू शकतं. फोटो ज्याने काढला तो त्याचा कर्ता असतो आणि कर्ता म्हणून श्रेय मागण्याचा त्याचा हक्क कायदा मान्य करतो. पण मालकी वेगळी आणि कर्तेपण वेगळं. म्हणून अॅडव्हान्सची पावती देतानाच एक पानाचा करार मराठीत करावा. किती तास, किती फोटो, अल्बम कधी, रॉ फाइल मिळणार की नाही, फोटो किती महिने जपून ठेवणार आणि कोणते फोटो स्टुडिओ दाखवू शकेल, एवढं त्यात पुरे. लहान मुलांचे फोटो टाकू नयेत असं कुणी म्हटलं तर त्यासाठी खूण करायला जागा ठेवावी. बाहेरून बोलावलेल्या सेकंड शूटरशीही असाच दोन ओळींचा कागद हवा, नाहीतर एकच फ्रेम दोन स्टुडिओंच्या पेजवर झळकते आणि गिऱ्हाईक गोंधळतं.

सेकंड शूटरला पाठवताना ‘छान काढ’ एवढं सांगून काम होत नाही. आपल्या स्टुडिओचे नियम लिहून द्यावेत. आजी-आजोबांना उभं करायचं नाही, बसलेल्या जागी जाऊन काढायचं. जेवताना तोंडात घास असलेला फोटो द्यायचा नाही. त्वचेचा रंग एडिटिंगमध्ये उजळायचा नाही. हा शेवटचा नियम पाळणारे स्टुडिओ आपल्याकडे अजून थोडे आहेत आणि तो पाळायला हिंमत लागते, कारण ‘जरा गोरं करा’ ही मागणी अजूनही बऱ्याच घरांतून येते.

चातुर्मासात काम कमी असतं तेव्हा कुणीही न मागितलेलं काम करावं. एकच विषय घ्यावा: गावातली गणपतीच्या मूर्ती घडवणारी घरं, बाजारपेठेतली जुनी दुकानं आणि त्यांचे मालक, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. प्रत्येकाला कागदावर काढलेली प्रिंट भेट द्यावी. मोबाइलवर पाठवलेला फोटो चार दिवसांत खाली सरकतो. १९ ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन याच काळात येतो आणि बऱ्याच ठिकाणी स्थानिक फोटोग्राफर संघटना तेव्हा प्रदर्शनं भरवतात. तिथे लग्नातलीच निवडक फ्रेम देण्याऐवजी या विषयातल्या बारा-पंधरा मोठ्या प्रिंट द्याव्यात. संघटना नसेल तर गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभागृह आठवडाभर मागून पाहावं. प्रत्येक प्रिंटखाली माणसाचं नाव, त्याच्या परवानगीने, आणि कोपऱ्यात लहान अक्षरांत स्टुडिओचं नाव आणि फोन नंबर.